पाहण्याचे ऋण

एखाद्या चित्रकाराने किंवा छायाचित्रकाराने जन्मभूमीपासून दूरच्या प्रदेशाला आणि तेथील लोकसंस्कृतीला आपल्या कलेचा विषय केले, तर त्याच्या कारकिर्दीचे मोल दोन प्रश्नांनी जोखावे लागते. त्या भूमीने त्याला काय दिले, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर त्याच्या चित्रांतच असते आणि कलासमीक्षा बहुधा तेवढ्यावर थांबते. त्याने त्या भूमीला काय परत केले, हा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्याचे उत्तर चित्रांबाहेर, तेथील माणसांच्या हातांत आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या जगण्यात शोधावे लागते. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मानली; परक्या भूमीकडे पाहून जो कलावंत समृद्ध होतो त्याच्यावर आणखी एक, पाहण्याचे ऋण चढते, असे म्हणावयास हरकत नसावी.

या ऋणाचे स्वरूप कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइटांच्या प्रदेशात स्पष्ट दिसते. ‘इनुइट’ म्हणजे त्या लोकांच्या भाषेत ‘माणसे’. ‘एस्किमो’ हे नाव त्यांना इतरांनी दिले आणि कॅनडात आता ते टाळले जाते. टोरांटोत जन्मलेला चित्रकार जेम्स ह्यूस्टन (१९२१–२००५) १९४८ मध्ये हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक या वस्तीत चित्रे काढण्यासाठी गेला आणि तेथील लोकांनी दगडात कोरलेल्या लहान आकृती पाहून स्वतःच्या चित्रांइतकाच त्यांच्यात गुंतला. त्याच्या प्रयत्नांतून १९४९ मध्ये माँट्रियल येथे या कोरीव कामाची विक्री झाली. पुढे बॅफिन बेटालगतच्या केप डॉर्सेट येथे, म्हणजे आजच्या किनाइटमध्ये, त्याने १९५७ च्या सुमारास मुद्राचित्रणाची, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर चित्र उमटवण्याची कला रुजवली आणि तिचे तंत्र पक्के करण्यासाठी जपानला जाऊन उनइची हिरात्सुका या आचार्यांकडे शिक्षण घेतले. उत्तरेच्या बर्फाने ज्याला विषय दिला, त्याने त्या बर्फात राहणाऱ्यांसाठी विद्या आणली, ही त्याच्या परतफेडीची सुरुवात होती.

किनाइटच्या मुद्राचित्रांवर उमटणाऱ्या शिक्क्यांत या परतफेडीचा खरा अर्थ साठवलेला आहे. जपानी पद्धतीला अनुसरून चित्र रेखाटणाऱ्याचा शिक्का, ठसा कोरून छापणाऱ्याचा शिक्का आणि तेथील सहकारी संस्थेचे चिन्ह असलेले इग्लू, म्हणजे बर्फाचे घर, असे तीन शिक्के कागदावर येऊ लागले. कलाकृती हे एकट्या प्रतिभावंताचे फळ नसून अनेक हातांचे काम आहे, ही कबुली त्यामुळे चित्राच्या अंगावरच नोंदली गेली. या कलावंतांपैकी केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) यांचे १९६० मधील घुबडाचे मुद्राचित्र एवढे नावाजले की १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर ते छापले गेले. तरीही या इतिहासाला दुसरी बाजू आहे. ह्यूस्टनने १९५१ मध्ये दक्षिणेकडील ग्राहकांना काय आवडेल हे दाखवणारी नमुन्यांची एक पुस्तिका तयार केली होती आणि काही कारागिरांनी त्यांतील नमुने जसेच्या तसे गिरवले. शिकवणारा हात किती सहज सांगणारा हात होतो, हे त्या प्रसंगातून ध्यानात येते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण चित्रकाराला निदान समोरच्याबरोबर काही वेळ बसावे लागते, छायाचित्रकाराला क्षणभर थांबले तरी पुरते. १८६८ ते १८७५ या काळात भारतातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत माणसांना व्यक्ती म्हणून नव्हे, जमातीचा नमुना म्हणून पाहिले गेले. याच्या नेमके उलट उदाहरण पीटर पिटसिओलाक (१९०२–१९७३) या इनुइट छायाचित्रकाराचे आहे. त्याने १९४० च्या दशकात कॅमेरा मिळवला, जुन्या गॉगलची काच भिंगापुढे धरून प्रखर उजेड आवरला, पत्नी आगेओक हिच्या मदतीने तंबूत आणि बर्फाच्या घरात फिल्म धुतल्या, आणि शिकारीच्या तळांवरचे जुने जगणे सरत आहे हे ओळखून आपल्याच माणसांची छायाचित्रे टिपून ठेवली. बाहेरच्याच्या कॅमेऱ्यात जे लोक विषय झाले असते, ते येथे साक्षीदार झाले.

बाहेरचा कलावंत आणि भूमी यांच्यातील हे देण्याघेण्याचे नाते महाराष्ट्रात भास्कर कुलकर्णी यांच्या कारकिर्दीत दिसते. १९६६–६७ च्या बिहारमधील दुष्काळात हस्तकलेच्या क्षेत्रातील पुपुल जयकर यांनी या चित्रकाराला मिथिलेत पाठवले आणि भिंतींवर चित्रे काढणाऱ्या तेथील स्त्रियांना कुलकर्णींनी कागद दिला. पुढे, १९७० च्या दशकाच्या आरंभी, ते डहाणू-तलासरी भागातील वारल्यांमध्ये जाऊन राहिले. वारली लग्नघरात सवासिनी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी येते आणि धवलेरी, म्हणजे लग्नगीते गाणारी पुरोहित स्त्री, तो विधी पूर्ण करते. कुलकर्णींनी या जगात जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची प्रतिभा ओळखली. आईच्या मृत्यूनंतर बालपणी बोलणे सोडून मातीत रेघोट्या ओढणारे मशे कागदावर चित्रे काढू लागले, १९७५ मध्ये मुंबईत त्यांचे प्रदर्शन भरले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेत बर्फाचा पांढरा रंग ही भूमी असते आणि माणूस तिच्यावरचा काळा ठिपका. वारली भिंतीवर माती ही भूमी असते आणि माणूस पिठाची पांढरी रेघ. रंगांची अदलाबदल झाली तरी निसर्गापुढे माणसाचा आकार लहान ठेवण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे.

परतफेड मात्र सर्वांपर्यंत सारखी पोहोचत नाही, हेही येथेच दिसते. किनाइटमध्ये केनोजुआक आणि पिटसिओलाक अशूना यांसारख्या स्त्रिया रेखाटनामुळे जगाला माहीत झाल्या, मिथिलेतही नाव स्त्रियांचेच राहिले. वारली चित्र मात्र विधीतून कागदावर आले तेव्हा, जी विद्या सवासिनींची होती तिची कीर्ती प्रामुख्याने पुरुषांच्या वाट्याला गेली. यात मशे यांच्या अस्सल प्रतिभेला कमीपणा येत नाही. परंतु कागद देणाऱ्याने, आधी ही रेघ कोणाच्या बोटांतून येत होती हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील घोडेगावच्या परिसरात हा विचार अधिक निकडीचा होतो. घोड नदीकाठचे हे गाव आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे आणि येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव मात्र डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. त्यांची भातखाचरे, हिरड्याची झाडे, आहुप्याची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आणि वाघबारशीला पुजला जाणारा वाघोबा, हे सारे स्वतःच्या रूपाचे जग आहे. तरीही ‘आदिवासी’ म्हटले की राज्यभर भिंतींवर वारली आकृतीच उमटते, जणू सह्याद्रीतल्या प्रत्येक जमातीचा चेहरा एकच आहे. एका समाजाची कला गाजली म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवरही तीच रंगवावी, हा सन्मान नसून विसर आहे. भीमाशंकरच्या धुक्याची, धबधब्यांची आणि काजव्यांची छायाचित्रे दर पावसाळ्याच्या तोंडाशी अगणित निघतात, पण त्यांत भाताची आवणी करणारा हात क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी त्याचे नाव खाली नसते.

पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण ज्यांच्या घरात अजून जिवंत आहे, त्यांच्या हातात कॅमेरा जाणे येथे विशेष गरजेचे आहे, कारण पीटर पिटसिओलाकला जे सरताना दिसत होते, ते या खोऱ्यात काही अंशी सरूनही गेले आहे. आश्रमशाळेतील मुलाने खाचराचा बांध, आजीचे हिरडा वेचणे आणि वाघोबाचा दगड आपल्या रेघेने काढावा, ती रेघ वारली रेघेसारखी नसली तरी चालेल, किंबहुना तशी नसावीच. बाहेरून येणाऱ्या कलावंताने या डोंगरांवर जरूर प्रेम करावे, कारण प्रेमाशिवाय पाहणेच घडत नाही. मात्र त्याच्या चित्राखाली त्याच्या नावाबरोबर ज्यांच्यामुळे ते चित्र शक्य झाले त्यांचेही नाव येईल, तेव्हाच, किनाइटच्या कागदावरील तीन शिक्क्यांप्रमाणे, पाहण्याचे ऋण फिटू लागल्याची नोंद त्या चित्रावरच होईल.