प्रामाणिक मताची उलटतपासणी

‘मी काही समीक्षक नाही हं, पण प्रामाणिकपणे सांगते, मला नाही झेपलं.’ फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर 98वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तिथल्या ग्रंथप्रदर्शनाच्या गर्दीत हे वाक्य कानावर पडलं. कुठल्या पुस्तकाबद्दल चाललं होतं ते कळलं नाही. पण वाक्य डोक्यात बसलं आणि कुरतडत राहिलं. त्याचा पूर्वार्ध म्हणतो, मला कारणं विचारू नका. उत्तरार्ध म्हणतो, माझ्याशी वाद घालू नका. म्हणजे जबाबदारी शून्य आणि अधिकार मात्र पुरेपूर. असा सौदा आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आवड ज्याची त्याची असते, समीक्षकांची भाषा कुणाला कळत नाही, लोक हल्ली वाचतच नाहीत, ही तिन्ही वाक्यं वाचकाला पाठ असतील, म्हणून ती सोडून देतो. माझी अडचण वेगळी आहे. हौशी वाचक, म्हणजे तुम्ही-आम्ही, पुस्तकाबद्दल बोलताना दोन निरनिराळी कामं एकाच दमात उरकतो. ‘मी पन्नासाव्या पानावर झोपलो’ ही साक्ष आहे. ‘पुस्तक रटाळ आहे’ हा निकाल आहे. साक्षीदाराला कायदा ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने काय पाहिलं तेवढं सांगावं. मात्र त्याला विचारता येतं की तुम्ही कुठे उभे होता, उजेड किती होता, किती वाजले होते. पुस्तकाच्या साक्षीदाराला हे कुणी विचारत नाही. तो आत्ताच ऑफिसातून येऊन, राजीव चौकला मेट्रो बदलताना, एका हाताने दांडी धरून ते पन्नासावं पान वाचत होता, हे गुलदस्त्यातच राहतं. बाहेर येतो तो थेट निकाल.

अस्सल साक्ष कशी असते ते मी महिला हाटला पाहिलं. दर्यागंजच्या फुटपाथवरचा रविवारचा पुस्तक बाजार 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथून उठला आणि आसफ अली रोडवरच्या या आवारात आला. विक्रेत्यांची वर्गवारी अजून फुटपाथवरचीच आहे: सौ के तीन, पचास की एक. रहस्यकथा, वैद्यकीची जाड पुस्तकं, नोकरीच्या परीक्षांचे गाइड, आयुष्य सुधारण्याची पुस्तकं, सगळी एकाच चादरीवर. साहित्यप्रकारांबद्दल इतका समभाव कुठल्या विद्यापीठात नसेल. तिथे मराठी पुस्तक क्वचित दिसतं. एकदा खांडेकरांच्या ‘ययाति’ची एक प्रत हाती लागली, पुठ्ठा सुटलेली, आतल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा पुसट शिक्का. शेवटच्या कोऱ्या पानावर तीन हस्ताक्षरांत तीन नोंदी होत्या. पेन्सिलीने: ‘शर्मिष्ठेसाठी वाचावी.’ निळ्या शाईने: ‘ययातीला एक थोबाडीत द्यावीशी वाटते.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘माझे यजमान असेच.’ त्या तिसऱ्या नोंदीत खांडेकरांच्या शैलीबद्दल अक्षरही नाही, ज्ञानपीठाचा उल्लेख नाही, पण बाईंनी पुस्तक कुठे उभं राहून वाचलं ते तीन शब्दांत कळतं.

हे सगळं एका माणसाला अजिबात पटलं नसतं, आणि तो माणूस दिल्लीकरच. कवी बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि 20 मार्च 1956 रोजी या शहरातच गेले. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं ते त्याच वर्षी. मर्ढेकरांचा आग्रह असा की कलाकृतीतलं सौंदर्य हे लयीचं सौंदर्य. संवाद, विरोध आणि समतोल यांच्या नात्यांतून उभं राहिलेलं. त्यातून मिळणारी भावनाही खास, सौंदर्याची. रोजच्या राग-लोभ-भीतीशी तिची गल्लत करायची नाही. म्हणजे शर्मिष्ठेसाठी गळा दाटून येणं, ययातीला थोबाडीत द्यावीशी वाटणं, यजमान आठवणं, हे सारं दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून आत यायचं.

मला हे मान्य नाही. मर्ढेकरांना उत्तर द्यायला माझ्याकडे सौंदर्यशास्त्र नाही, भयकथाकार नारायण धारप आहेत. भयकथेची लय तपासता येते, जरूर तपासावी. पण ज्या भयकथेने रात्री उठून स्वयंपाकघरातला दिवा लावायला भाग पाडलं नाही, तिच्या लयीचं लोणचं घालायचं का? धारपांची कथा वाचून पाठीमागच्या दाराकडे आपसूक नजर जाते, त्या नजरेसाठीच तर ती सगळी बांधणी केलेली असते. दारात ठेवलेली चप्पल इथे मूर्ती निघते. विनोदाचं तेच. हसू आलं नाही तरी विनोदी लेखाचा समतोल अप्रतिम आहे, असं म्हणणाऱ्याला मी पुस्तक उसनं देणार नाही.

भयकथेवरून रहस्यकथेचा विषय निघालाच आहे तर थोडं मेरठपर्यंत जाऊन येऊ, एनसीआरमध्येच आहे. वेदप्रकाश शर्मांचा ‘वर्दी वाला गुंडा’ 1993चा. हलक्या, करड्या कागदावरच्या त्या हिंदी कादंबऱ्यांचा मोठा कारखानाच मेरठात होता. सुरेंद्र मोहन पाठक त्याच जगातले, दिल्लीत टेलिफोनच्या सरकारी कारखान्याची नोकरी सांभाळून लिहिणारे. त्यांची ‘पैंसठ लाख की डकैती’ मी सलग वाचून काढली आणि सकाळी डोळे चोळत कामाला गेलो. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांवर महाराष्ट्राची एक पिढी रात्री जागली. या दोन्ही वाचकवर्गांत मला एक सारखेपणा दिसतो: त्यांनी कधी कुणाला ‘प्रामाणिक मत’ दिलं नाही. पुढचा भाग कधी येतो, एवढंच विचारलं. पाठकांच्या विमल या नायकाचा चाहता विमलची बाजू घेऊन भांडेल, पण मी समीक्षक नाही अशी प्रस्तावना करणार नाही. त्याला ती सुचणारच नाही. ही प्रस्तावना फक्त ‘चांगल्या’ पुस्तकांसमोर सुचते.

इथे मला थांबावं लागतं, कारण माझीच गाडी रुळावरून सरकते आहे. प्रस्तावना ‘चांगल्या’ पुस्तकांसमोरच सुचत असेल, तर त्यामागे उद्धटपणा नसून धास्ती असणार. तालकटोऱ्यातल्या बाई अधिकार गाजवत नव्हत्या. परवानगी मागत होत्या. न झेपण्याची परवानगी. आणि ती मागावी लागते, कारण अशा पुस्तकांबद्दल आपण वाचण्याआधीच निकाल ऐकलेला असतो. मग साक्ष त्या निकालाला जुळवून घेते.

माझीच उलटतपासणी करतो. ‘मृत्युंजय’ महान आहे, असं मी सर्रास म्हणतो. माझे हिंदी सहकारी ज्या एका मराठी कादंबरीचं नाव हमखास घेतात ती हीच, आणि तेव्हा छाती फुगते ती काही लयीमुळे नाही. पण तुम्ही वाचलीत केव्हा? शाळेत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यानंतर? नाही. म्हणजे साक्ष त्या पोराची आहे आणि सही मात्र मी करतो आहे. ‘कोसला’चं उलट. वसतिगृहाच्या पानांवर हसलो, नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी पुस्तक मिटून बसलो, एवढं खरं; त्यापुढे मी पांडुरंग सांगवीकरच्या अर्थशून्यतेबद्दल जे बोलतो ते ठिकठिकाणच्या लेखांतून गोळा केलेलं. आयुष्य सुधारण्याच्या पुस्तकांना मी नाक मुरडतो, हाही उसना निकालच. त्यातलं एक मी शेवटपर्यंत वाचलं होतं आणि पंधरवडाभर पहाटे उठलोही होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा साक्ष आपोआप खरी असते आणि निकाल तेवढा खोटा, ही माझी लाडकी विभागणी तशी टिकत नाही. खरी साक्ष मिळवावी लागते. आपल्याला नेमकं काय झालं, ते आपल्यालाच विचारावं लागतं, आणि ऐकीव उत्तरं बाजूला सारावी लागतात. आता गंमत पाहा. लेखकाने स्वतःच्या अनुभवाशी इमान राखलं पाहिजे, ही आत्मनिष्ठेची मागणी मराठीत सर्वांत कडकपणे कुणी केली? मर्ढेकरांनीच. त्यांच्या ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले, या मागणीची किंमत त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होती. ती मागणी लेखकापाशीच का थांबावी, हे मला कळत नाही. वाचकालाही तीच लावा. मग ‘मला नाही झेपलं’ हे वाक्य पळवाट राहत नाही. कुठे, कितव्या पानावर, कोणत्या वयात, झेपवायला किती जोर लावला होता, असे प्रश्न त्याला विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं देणारा वाचक मला चालेल, समीक्षक असो वा नसो.

म्हणून अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दल मी एक नियम केला आहे: मत द्यायचं असेल तर पान सांगायचं. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही 1942ची कादंबरी मनाच्या वाहत्या प्रवाहातून सांगितलेली आहे. मराठीत तिचं ऐतिहासिक महत्त्व मोठं, असं म्हणतात, आणि ते खरंही असावं. मी दोन वेळा सुरुवात केली, दोन्ही वेळा पहिल्या चाळीस पानांच्या आत सोडली. एकदा नोएडाहून येताना मेट्रोत, एकदा तापात. दोन्ही जागा त्या पुस्तकावर अन्याय करणाऱ्या होत्या. तिसऱ्यांदा घरी, पंख्याखाली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचणार आहे. आवडली तर सांगेन, नाही आवडली तर पानासकट सांगेन. धारपांबद्दल मात्र मर्ढेकरांचं काही ऐकून घेणार नाही.