ती गोष्ट कुणाची?

झरी जामणी तालुक्यातले कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि यवतमाळचा वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग, या दोन जगांना समोरासमोर बसवण्यासाठी हा संवाद मी रचला आहे. डॉक्टर शिकवतात, आशाताई पोडावर काम करतात.

डॉक्टर : २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून मुलांना रुग्णाच्या अनुभवावर चिंतन लिहायला लावतो. मग शिकवणाऱ्यानं नको लिहायला? पोडावरून तपासणीला आलेल्या त्या पोरीच्या केसपेपरवर ‘वय १९, अविवाहित, सातवा महिना’ एवढंच आहे. लिहायला बसले तेव्हा आठवलं, तपासणीभर ती दाराकडे बघत होती. नाव बदललंय. वर्गात वाचू?

आशाताई : नाव बदलून काय व्हते मॅडम? पोडात घरं पंधरा-वीस. दोन ओळी ऐकल्या का सारं पोड ओळखते.

डॉक्टर : वर्गात पोडावरचं कोण असणार?

आशाताई : आज नसन. उद्या आमची पोरगी डॉक्टर व्हाले येईन, तवा? झरीचं नाव काढलं का लोक ‘कुमारी माता’च म्हणते. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले. पोरीले ज्यानं फसवलं त्याच्यावर कोनं लिवलं?

डॉक्टर : तिची परवानगी घेतली तर?

आशाताई : थे कोलामीत बोलते, तुमी मराठीत लिवता. मी समजावून सांगीन. पण मॅडमले नाई कोण म्हणन? बाळंतपण तं तुमच्याच हातात हाये.

डॉक्टरांची अडचण मला खरी वाटते. केसपेपरवर दाराकडे बघणाऱ्या नजरेसाठी रकाना नसतो. आणि हे एका केसपेपरपुरतं नाही. २०१७ मध्ये कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले. विषाची नोंद होते. रोजीसाठी पाठीवर पंप घेणाऱ्याची भीती कुठे लिहायची? ती लिहिणारा शिक्षक हवाच.

डॉक्टर : मग लिहूच नको?

आशाताई : लिवा नं! तुमी तिले पयले काय इचारलं, थे लिवा. तिच्या मनातलं तिचं राहू द्या.

डॉक्टर : पहिलं? ‘नवरा कुठंय?’ असं. पण मग मुलं रुग्णाऐवजी माझ्याबद्दलच ऐकतील.

आशाताई : त्याईले शिकवता तं तुमीच.

मी आशाताईंच्या बाजूनं आहे. चिंतनाची वही भरावी आणि जपावी. वर्गात डॉक्टरांनी आपला तो पहिला प्रश्न वाचावा, त्यावर मुलांना बोलू द्यावं, आणि या लेखनाला गुण देऊ नयेत. गुणांसाठी मुलं शोभेलसं दुःख लिहितात. राहिली ती मुलगी. नकार दिला तरी उपचार तेच मिळतील, ही खात्री तिला नसेल, तोवर तिचा होकार परवानगी धरू नये.