घावाचा साक्षी

मनुष्याचा पराजय झाला आहे, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? जिंकणाराचा, पाहणाराचा, कीं हरणाराचा? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. न्यायालयांत न्यायाधीश असतो, कुस्तीच्या आखाड्यांत पंच असतो, आणि रणांगणावर तर कोणाला विचारावेंच लागत नाहीं. तेथें पडलेलें प्रेत हाच निवाडा. हरलेल्या मनुष्यालाच 'तूं हरलास काय?' असें विचारून निकाल देण्याची पद्धति कोणत्याहि शहाण्या समाजानें घातली नसेल, असेंच आपण म्हणूं. परंतु अशी पद्धति एके ठिकाणीं चालू आहे. आणि ती विरक्त साधूंच्या मठांत नसून, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण व हातांत ढाल घेऊन एकमेकांवर तुटून पडणाऱ्या लोकांच्या खेळांत आहे.

१९६६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, बर्कले या विद्यापीठाच्या गांवीं, एका घराच्या परसांत कांहीं तरुण मंडळी मध्ययुगीन यूरोपांतील पोषाख करून लुटुपुटीचीं द्वंद्वयुद्धें खेळण्यास जमली. त्या एका दिवसाच्या गमतींतून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' या नांवाची संस्था उदयास आली. 'अनॅक्रॉनिझम' म्हणजे कालविपर्यास. आपण जाणूनबुजून काळाचा घोटाळा करीत आहों, हें या मंडळींनीं नांवांतच कबूल करून टाकलें. पुढें ती संस्था अनेक देशांत पसरली. तिनें आपल्या प्रदेशांचीं 'राज्यें' कल्पिलीं आहेत, आणि शस्त्रांच्या आखाड्यांत जो शेवटपर्यंत टिकेल तो कांहीं महिन्यांपुरता त्या राज्याच्या गादीवर बसतो.

या खेळांतील तलवार वेताची असते. आपल्याकडील फरीगदग्यांत चामड्यानें मढविलेली काठी जशी तलवारीच्या जागीं येते, तशीच ही योजना. चिलखत मात्र खरें असतें. डोकें, मान, कोपर, गुडघे इत्यादि नाजुक जागा कठीण आवरणानें झांकल्याशिवाय कोणास आखाड्यांत उतरूं देत नाहींत. घाव भरपूर जोरानें घालतात. तो हातावर बसला तर तो हात निकामी झाला असें समजून मागें घ्यावयाचा; मांडीवर बसला तर गुडघे टेकून लढावयाचें; डोक्यावर किंवा धडावर नीट बसला तर आपण मेलों असें मानून खालीं पडावयाचें. देखरेख करणारे अधिकारी असतात, परंतु कोणास इजा होऊं नये हें पाहणें हेंच त्यांचें मुख्य काम. घाव पुरेसा होता कीं नाहीं, हें ते ठरवीत नाहींत. मारणाराहि ठरवीत नाहीं. तें ठरवितो तो, ज्याच्यावर घाव बसला. त्यानें 'लागला' म्हटलें तर लागला; 'हलका होता' म्हटलें तर लढाई पुढें चालू. राज्य कोणास मिळावें याचाहि निकाल शेवटीं अशा हरणाराच्या मुखानेंच लागतो!

ही केवळ हौशी लोकांची लहर नव्हे. चिलखताच्या स्वभावांतूनच हा नियम निघाला आहे. पंधराव्या शतकांतील संपूर्ण पोलादी चिलखताचें वजन साधारणपणें २० ते २५ किलो भरे, आणि तें सर्व अंगावर वांटलें गेल्यामुळें तें घालून मनुष्यास धांवतां येई व स्वतः घोड्यावर चढतां येई. त्याच्या आंत कापसाचा किंवा तागाचा जाड अंगरखा असे. अशा आवरणावर बसलेला घाव बाहेरच्या मनुष्यास नीट कळतच नाहीं. कधीं खणखणाट मोठा होतो, पण तलवार नुसती घसरून गेलेली असते. कधीं आवाज बेताचा होतो, पण मस्तक हादरून गेलेलें असतें. प्रेक्षकास नाद ऐकूं येतो, धक्का ऐकूं येत नाहीं. तो जाणणारा जगांत एकच असतो, आणि तो चिलखताच्या आंत असतो. शिवाय या संस्थेच्या खेळांत आणखी एक सूक्ष्म संकेत आहे. खेळाडूनें प्रत्यक्षांत कितीहि जाड पत्रा चढविलेला असो. आपल्या अंगावर साधें कड्यांचें चिलखत व तोंडाशीं उघडें शिरस्त्राण आहे, असें मानून त्यानें घावाचें मोल करावयाचें. म्हणजे 'मला दुखलें काय?' एवढाच प्रश्न नव्हे, तर 'माझ्यापाशीं हें अधिक संरक्षण नसतें, तर माझें काय झालें असतें?' असा प्रश्न त्यानें मनास विचारावयाचा आहे.

मध्ययुगांतील खऱ्या नाइट सरदारांना हा प्रश्न पडला नव्हता असें नाहीं. त्यांच्या शस्त्रक्रीडा प्रथम युद्धाहून फारशा निराळ्या नसत. १९३० सालीं क्रिकेटचा सामना पाहावयास जावें तशी ती करमणूक नव्हती. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेनें त्यांचा निषेध केला तो उगीच नव्हे. पुढें भाल्याचें टोंक बोथट करण्याची चाल पडली. परंतु शस्त्र बोथट झालें म्हणजे खेळाचा सारा आधार परस्परांच्या विश्वासावर येऊन पडतो. इंग्लंडांत वॉल्डन येथें १२५२ सालीं झालेल्या खेळांत रॉजर द लेबर्न याच्या भाल्यानें आर्नल्ड द मंटनी हा सरदार प्राणास मुकला. भाला काढून पाहतात तों त्याचें टोंक नियमाप्रमाणें बोथट नसून तीक्ष्ण होतें. आदल्या एका झुंजींत याच आर्नल्डनें रॉजरचा पाय मोडला होता, हें लोकांस आठवलें, आणि त्याच्या शोकावर कोणाचा विश्वास बसेना. उलटपक्षीं, कोणाच्याहि मनांत कपट नसतां १५५९ सालीं फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या शिरस्त्राणांतून प्रतिपक्ष्याच्या मोडलेल्या भाल्याची ढलपी आंत शिरली, आणि दहा दिवसांनीं तो मरण पावला. पहिल्या ठिकाणीं जखम दिसत होती, हेतु दिसत नव्हता. दुसऱ्या ठिकाणीं हेतु शुद्ध असूनहि जखम टळली नाहीं. शस्त्राची धार घालवितां येते, पण मनाचा पडदा दूर करतां येत नाहीं, हाच या दोहोंचा बोध.

धनुर्धराच्या बाबतींत तर हा पडदा अधिकच दाट होतो. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनें १३६३ सालीं सणावारीं इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करण्याची प्रजेस आज्ञा केली. त्या सरावाचें फळ १४१५ सालीं अझँकूरच्या रणांगणावर फ्रेंच सरदारांना चाखावें लागलें. १५४५ सालीं बुडालेलें 'मेरी रोज' नांवाचें जहाज १९८२ सालीं वर काढण्यांत आलें; त्यांतून मिळालेल्या शंभरावर धनुष्यांपैकीं पुष्कळांची दोरी ओढण्यास १०० पौंडांहून अधिक जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. खेळांतील धनुष्याचा ताण सुमारें ३० पौंडांवर जाऊं देत नाहींत, आणि बाणाच्या टोंकाला जाड बोथट बोंड बसवितात. असा बाण शेंदोनशें माणसांच्या धुमश्चक्रींत येऊन एखाद्याच्या पाठीवर आपटतो. मारणारा दूर असतो, शेजारी आपापल्या ढालींच्या आड गुंतलेले असतात. आणि 'मला बाण लागला' हें सांगणारा त्या साऱ्या मैदानांत एकटा तोच. त्यानें तोंड मिटून पुढें पाऊल टाकलें, तर कोण हटकणार?

येथें व्यवहारी वाचक म्हणेल, 'मग असा भोळा नियम ठेवावाच कशाला? यंत्र बसवा, म्हणजे झालें.' हा प्रयोगहि होऊन चुकला आहे. आधुनिक तलवारबाजींत पूर्वीं स्पर्श झाला म्हणजे तो झाल्याचें खेळाडूनें आपण होऊन सांगणें ही सभ्यता समजत. पुढें विजेची तार आली. १९३६ सालच्या ऑलिंपिक सामन्यांपासून एपे या तलवारीच्या खेळांत दिवा लागला कीं घाव लागला, असें ठरलें. यंत्र अचूक आणि निःपक्षपाती खरें! परंतु १९७६ सालीं माँट्रिऑल येथें बोरिस ओनिश्चेंको या सोव्हिएट खेळाडूच्या तलवारीच्या मुठींतच एक गुप्त कळ सांपडली. ती दाबली कीं प्रतिपक्ष्यास स्पर्श न होतांच दिवा लागे. त्यास सामन्यांतून बाद करण्यांत आलें. साक्ष मनुष्याकडून काढून यंत्राकडे दिली, तेव्हां लबाडीनें आपलें बिऱ्हाड तेवढें हलविलें.

दुसरा एक पंथ याहून सरळ आहे. पूर्व यूरोपांत विशेष बळावलेल्या 'बुहुर्त' नांवाच्या सांघिक खेळांत बोथट पण पोलादी शस्त्रांनीं खरोखरीच मारामारी होते. पाय सोडून शरीराचा तिसरा भाग जमिनीस टेकला कीं तो गडी बाद. तेथें भूमीच साक्षी. तिला लांच देतां येत नाहीं, हा त्या पद्धतीचा मोठाच गुण होय. आणि तिचे खेळाडू अप्रामाणिक असतात असेंहि कोणी म्हणणार नाहीं. इतकेंच कीं, तेथें त्यांच्या प्रामाणिकपणास फारसें काम उरत नाहीं. जो गुण कामास लावावा लागत नाहीं, त्याची वाढ कशी व्हावी?

यावरचा खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो जड आहे. कबुलीचा नियम चांगल्या मनुष्यास तोट्यांत घालतो. जो घाव मानतो तो मरतो. जो मानीत नाहीं तो जिंकतो, कदाचित् राजाहि होतो! या मंडळींत अशा मनुष्यास गेंड्याच्या कातड्याची उपमा देतात. पण उपमेनें राज्य परत मिळत नाहीं. शिवाय सगळेच गेंडे लबाड नसतात. झुंजीच्या आवेशांत शरीर बधिर होतें, आणि प्रामाणिक मनुष्यालाहि घाव खरोखरच हलका वाटतो. हें सारें मान्य केलें पाहिजे. सद्गुणास लगेच बक्षिस मिळतें, असें सांगणारी नीति मुलांच्या गोष्टींत शोभते. प्रौढांना ती फसविते. मला वाटतें, या नियमाचें समर्थन त्याच्या निकालांत शोधूं नये. निकाल बरोबर लागावा एवढाच हेतु असता, तर यंत्र किंवा भूमि हेच साक्षी बरे. या नियमाची थोरवी अशी कीं, तो मनुष्यास त्याच्या स्वतःच्याच खटल्यांत न्यायाधीश करतो. सर्व व्यवहारांत जी गोष्ट आपण अन्याय्य समजतों, तीच येथें कर्तव्य होऊन बसते. आणि नीतीच्या प्रांतांत आपणां प्रत्येकाची स्थिति दुसरी कोणती आहे?

याच ठिकाणीं एक उलटा दोषहि सांगितला पाहिजे, कारण तो सद्गुणाच्या वेषांत येतो. कांहीं खेळाडू उदारपणा दाखविण्याकरितां हलका घावहि मोठ्या थाटानें मानून खालीं पडतात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. हें औदार्य नव्हे. हीहि खोटी साक्षच. त्यानें प्रतिपक्ष्याच्या पदरीं न कमावलेला जय घातला, आणि स्वतः न कमावलेली कीर्ति घेतली. खरें बोलणें म्हणजे नेहमीं स्वतःविरुद्ध बोलणें, असा आपल्याकडेहि पुष्कळांचा समज असतो. पण साक्षीचें काम घाव जेवढा होता तेवढाच सांगण्याचें आहे. तिळभर अधिक नाहीं, तिळभर कमी नाहीं.

आणखी एक शंका राहते. ज्या शस्त्रांनीं माणसें खरोखर मेलीं, त्यांचा खेळ करावा काय? अझँकूर येथें पांचव्या हेन्रीनें पुन्हां हल्ला होण्याच्या भीतीनें शरण आलेल्या कैद्यांची कत्तल करण्याचा हुकूम दिला. १४६१ सालच्या टौटनच्या लढाईंत पडलेल्या सुमारें ४० जणांचे सांगाडे १९९६ सालीं एका खड्ड्यांत सांपडले. त्यांतील कित्येकांच्या कवट्यांवर एकावर एक घाव आहेत. त्यांना 'लागला काय?' असें कोणी विचारलें नाहीं. म्हणून या खेळासच जो मध्ययुग समजेल तो स्वतःस फसवील. परंतु नीट पाहिलें तर खेळाचा मुख्य नियम युद्धांतून घेतलेला नाहींच. युद्धांत तो संभवतच नाहीं. ज्याचा शब्द प्रमाण मानावयाचा, त्याला जिवंत ठेवावें लागतें. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या जिभेवर विश्वास टाकणें ही गोष्ट शत्रूंच्या नव्हे, मित्रांच्या जगांतली आहे. त्या लोकांनीं जुन्या काळाचें चिलखत घेतलें, पण त्याच्या आंत जें बसविलें तें त्यांचें स्वतःचें आहे.

आणि चिलखत काय तेवढें पोलादाचेंच असतें? वय, विद्या, अधिकार, घरांतील वडीलपण, लोकांतील नांव, हीं सर्व आपापल्या परी चिलखतेंच आहेत. वादांत धाकट्याचा एखादा शब्द अगदीं वर्मीं लागतो. सुनेचें एखादें साधें उत्तर सासऱ्याच्या साऱ्या युक्तिवादाचा पाया उखडतें. विद्यार्थ्याच्या शंकेनें गुरूचा सिद्धांत डळमळतो. बाहेर कांहींच दिसत नाहीं. मुद्रा स्थिर असते, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत असतो, आणि ऐकणारे समजतात कीं घाव घसरून गेला. घाव बसला हें एकालाच ठाऊक असतें. तेथें दिवा लागत नाहीं, पंच धांवत येत नाहीं, भूमीहि साक्ष देत नाहीं. अशा वेळीं 'तुझें म्हणणें बरोबर. मला लागलें,' एवढे शब्द तोंडांतून निघाले, तर राज्य कदाचित् जाईल. पण ज्याच्याशीं आपण बोलत होतों, तो पुढच्या वेळीं आपल्याशीं निर्धास्तपणें बोलूं शकेल. त्या परसांतल्या तरुण मंडळींनीं आपल्या राज्याची गादी याच विश्वासावर मांडली. आपल्या घरांतील व सभांतील गाद्या कशावर मांडल्या आहेत, हें ज्याचें त्यानें पाहावें.