चाकाची खुर्ची आणि वजन

मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला, इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडतात, त्यांचे स्नायू वापराअभावी झिजतात, आणि स्नायू विश्रांतीतही ऊर्जा खर्च करीत असल्याने मूलभूत चयापचय दर, म्हणजे केवळ जिवंत राहण्यासाठी लागणारी ऊर्जा, घटतो. त्यामुळे पूर्वीइतकेच जेवण त्यांना जास्त ठरते; यात आळस शोधणे हा उघड अन्याय आहे. वजन व उंचीवरून काढला जाणारा देहभार निर्देशांकही येथे फसवा ठरतो, कारण स्नायूंची जागा चरबी घेते तेव्हा काट्यावरचा आकडा फारसा हलत नाही. म्हणूनच स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २२ मानावी, असे संशोधकांनी सुचवले आहे.

वाढलेला भार खुर्चीतून पलंगावर सरकताना खांद्यांवर पडतो, आणि खांदे दुखावले की स्वावलंबनच धोक्यात येते. उपाय मुख्यतः ताटातच असतो, तरी कडक उपास घातक ठरतो, कारण प्रथिने कमी पडल्यास दाबव्रण, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम, लवकर भरत नाही. भात, साखर आणि तेल आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने कमी करताना मोडाची उसळ, ताक, अंडी मात्र राखावी लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आवश्यक आहे. त्याच न्यायाने खुर्चीसकट वजन करता येईल असा काटा प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात बसवला जावा.