दहापैकी नऊ, पण कोणाच्या फोनवर?

मालवणजवळच्या देवबागेतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला नवा गेम सुचवायला जावे, इंग्रजी नियतकालिकातला चार ओळींचा अभिप्राय वाचून दाखवावा, शेवटचे ‘दहापैकी नऊ’ही आवर्जून सांगावे, तर उलट प्रश्न येतो: “नऊ काय करूचे? माझ्या मोबायलार चलतलो काय ता सांगा.” प्रश्न सरळ आहे आणि त्या चार ओळींत त्याचे उत्तर नसते. समीक्षकाने तो गेम महागड्या कन्सोलवर, मोठ्या टीव्हीसमोर बसून खेळलेला असतो. ऐकणाऱ्याच्या हातात तीन-चार वर्षे वापरलेला फोन असतो, आणि एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर मिळेल तेवढे नेटवर्क.

छोट्या अभिप्रायांवरचा वाद तसा जुना आहे. चाळीस तासांचा गेम चार ओळींत मावतो का, कलाकृतीला आकडा लावावा का, हे सगळे सिनेमाच्या ताऱ्यांबद्दलही विचारून झाले आहे. ‘युरोगेमर’ या ब्रिटिश प्रकाशनाने २०१५ साली गुण देणे बंद केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपात ते परत आणले. एकाच घरात वाद दोन्ही बाजूंनी लढून झाला. वैताग आला की उपाय सोपा वाटतो: आकडा काढून टाका, समीक्षकाला भरपूर जागा द्या, म्हणजे तो सगळे नीट सांगेल. पण देवबागच्या प्रश्नाला हा उपाय लागू पडेल का, हे आधी पाहायला हवे. त्या पोराची तक्रार अभिप्रायाच्या लांबीबद्दल नाही. त्या अभिप्रायाला पत्ता नाही, ही त्याची अडचण आहे.

कोणत्या यंत्रावर, किती तास, गेमच्या कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या सवयीच्या माणसाने खेळून पाहिले, हे ज्यातून कळते तो पत्ता असलेला अभिप्राय. ज्यातून हे काहीच कळत नाही तो बिनपत्त्याचा. तीन हजार शब्दांचा लेखही बिनपत्त्याचा असू शकतो. उलट ‘जुन्या प्लेस्टेशनवर तासाभरात दोनदा बंद पडला’ या एका ओळीत पत्ता येतो आणि निवाडाही येतो.

याचे सर्वांत महागडे उदाहरण २०२० सालचे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ त्या वर्षी १० डिसेंबरला बाजारात आला. त्याआधी समीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती खेळायला मिळाली होती. त्यांचे अभिप्राय आले, सरासरी नव्वदीच्या घरात गेली आणि त्या भरवशावर लोकांनी आपापल्या यंत्रासाठी गेम विकत घेतला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो अडखळत होता, मध्येच बंद पडत होता, माणसांचे चेहरे पडद्यावर उशिरा उमटत होते. जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. जून २०२१ पर्यंत तो तिथे परत आला नाही. पुढे प्लेस्टेशन ४ वरच्या आवृत्तीची सरासरी पन्नाशीच्या घरात स्थिरावली. पहिले समीक्षक खोटे बोलले नव्हते. त्यांनी जे पाहिले ते खरे सांगितले, फक्त ते सगळे एकाच जागी उभे होते.

इथे सरासरीचा पक्ष समोर येतो आणि त्याच्याशी भांडणे भाग आहे, कारण आज गेमच्या बाजारात सर्वांत जास्त ऐकले जाते ते त्याचेच. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारे मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१ साली सुरू झाले, तेव्हापासून हा पक्ष एकच मुद्दा मांडतो: एक समीक्षक लहरी असेल, दुसरा घाईत असेल, तिसऱ्याला तो प्रकारच आवडत नसेल, पण पन्नास जणांची सरासरी काढली की या खोडी एकमेकींना कापतात आणि उरते ते बऱ्यापैकी विश्वासार्ह. मुद्दा भक्कम आहे. एकट्यादुकट्याच्या मर्जीपासून ग्राहकाला वाचवणारे दुसरे साधन फारसे नाही. शिवाय मेटाक्रिटिक प्रत्येक यंत्राचे गुण वेगळे दाखवते, तेव्हा पत्त्याची त्याला अजिबात पर्वा नाही असेही म्हणता येत नाही.

तरी एक गोष्ट राहतेच. खोडी एकमेकींना कापतात त्या वेगवेगळ्या दिशांना असतील तर. सगळे जण ताकदवान संगणकासमोर बसले असतील, तर पन्नास अभिप्रायांची चूक एकाच दिशेला जाते आणि सरासरी तिला पक्की करते. आणि आकडा पक्का दिसला की त्याच्यावर माणसांचे पैसे लागतात. ऑब्सिडियन या अमेरिकन स्टुडिओने ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ २०१० साली बनवला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. गुण मिळाले ८४. तिथले ज्येष्ठ लेखक-डिझायनर ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी ही गोष्ट २०१२ मध्ये उघड सांगितली. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी यांच्यातला तो एक गुण कोणत्या समीक्षकाच्या कोणत्या नाराजीचा होता, हे सरासरीकडे पाहून कोणालाही सांगता आले नसते.

सरासरीने काय हरवते ते देवबागेत लगेच कळते. डिसेंबरात आलेला पाहुणा घरगुती निवासाला पाच तारे देतो: निवळ पाणी, संगमापर्यंत होडी, ताटात ताजा मासा. जुलैत आलेला एक तारा देतो: समुद्र खवळलेला, जलक्रीडा बंद, वीज गेलेली. दोघेही खरे बोलतात. त्यांची सरासरी तीन तारे होते, आणि तीन ताऱ्यांचे देवबाग वर्षाच्या कुठल्याच महिन्यात सापडत नाही.

जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाची रीत या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिथे एका गेमवर चार समीक्षक लिहितात. प्रत्येकाला मोजक्या ओळी आणि दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला मिळाले. लोक बेरीज लक्षात ठेवतात, पण पानावर चारही अभिप्राय शेजारी शेजारी छापलेले असतात. तिघांनी नऊ दिले आणि एकाने पाच, तर वाचक आधी त्या पाचकडे वळतो आणि कारण वाचतो. ओळी थोड्या असल्यामुळे प्रत्येकाला आपल्याला खुपलेली किंवा भावलेली एकच गोष्ट निवडावी लागते. इथे तोकडी जागा उपयोगी पडते.

महाराष्ट्रातल्या गेमवर ही रीत वापरली असती तर काय झाले असते? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा त्यासाठी योग्य नमुना आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पूर्ण झाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. त्याच्यावरच्या छोट्या अभिप्रायांचा सूर साधारण सारखा होता: चित्रे देखणी, संगीत सुरेख, मारामारी अवघडलेली, गेम लवकर संपतो. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितले आहेत, हा उल्लेख असायचा तोही अर्ध्या ओळीत.

आता हाच गेम कुडाळजवळच्या पिंगुळीत पाहिला गेला असता तर? पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. या कलांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दिव्यासमोर चामड्याची बाहुली नाचवणाऱ्या हाताला तीच अर्धी ओळ पुरली नसती. पडद्यावरच्या बाहुलीचा हात कोपरात कसा वळतो, सावली कुठे दाट आणि कुठे विरळ पडते, निवेदक आणि बाहुली यांचा ताल जुळतो का, यावर तिथल्या माणसाच्या चार ओळी परदेशी समीक्षकाच्या चार पानांपेक्षा जास्त सांगून गेल्या असत्या. म्हणजे पत्ता यंत्राचा असतो तसा माणसाचाही असतो. कन्सोलचे नाव छापले की काम संपले, असे होत नाही.

तारीखही पत्त्यातच येते. २०२२ मध्ये ‘राजी’ची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात हिंदी आवाज आले. पुढे नेटफ्लिक्समार्फत तो फोनवरही आला. जुन्या सरासरीत मात्र २०२० च्या तक्रारी तशाच बसून आहेत.

या बाबतीत हौशी खेळाडू व्यावसायिकांच्या पुढे गेले आहेत. स्टीम या दुकानात कोणीही गेमवर दोन ओळी लिहू शकतो, आणि प्रत्येकाच्या नावापाशी त्याने तो गेम किती तास खेळला ते छापलेले असते. अलीकडचे अभिप्राय आणि सगळ्या काळातले अभिप्राय असे दोन वेगळे निकाल तिथे दिसतात. त्या ओळी अनेकदा उथळ असतात, कधी झुंडीने येऊन गेमला बुडवायला लिहिलेल्या असतात. तरीही दोनशे तास खेळलेल्या माणसाची नाराजी आणि वीस मिनिटांत उठलेल्याची नाराजी यांतला फरक वाचकाला तिथे दिसतो. तो फरक दाखवायला लांब लेख लागला नाही, एक आकडा पुरला.

तेव्हा समीक्षकाला जास्त जागा द्या, ही सुरुवातीची मागणी मागे घ्यावी लागते. एकट्याला दहा पाने दिली तरी तो दहा ठिकाणी उभा राहू शकत नाही. हवी आहेत ती जास्त माणसे, आणि त्या प्रत्येकाला थोडी जागा. मराठी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांनी एका गेमवर चार जणांचे चार-चार ओळींचे अभिप्राय शेजारी छापावेत: एक कन्सोलवरचा, एक साध्या लॅपटॉपवरचा, एक त्या कथेच्या परंपरेत वाढलेल्या माणसाचा, आणि एक देवबागसारख्या ठिकाणी जुन्या फोनवर खेळणाऱ्याचा. गुण द्यायचे तर खुशाल द्यावेत, फक्त त्यांची बेरीज करू नये. गेमचा सांगोपांग विचार करणाऱ्या दीर्घ समीक्षेची गरज यामुळे कमी होत नाही; ते काम वेगळे आहे आणि गेम येऊन वर्ष लोटल्यावर ते जास्त चांगले होते.

चौथा माणूस सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड. आपल्याकडे बहुतेकांचा गेम फोनवरच असतो, आणि फोनवरचा गेम स्थिर राहत नाही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ म्हणून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात उतरला. असे गेम दर काही आठवड्यांनी नकाशे, शस्त्रे, नियम बदलतात, फोनवर जास्त जागाही मागू लागतात. कालचा ‘चलता’ हा निवाडा पुढच्या अद्ययावतीकरणानंतर खरा राहीलच असे नाही. म्हणून चौथ्या माणसाने दर तीन महिन्यांनी तोच गेम त्याच फोनवर पुन्हा खेळून पुन्हा चार ओळी लिहायला हव्यात. एकदाच्या अभिप्रायाचे मानधन देणारी पुरवणी याही फेऱ्यांचे मानधन देईल का, हे आता संपादकांना विचारायला हवे.