खेळून झाल्यावर काय उरतं?

उरल्यात राहायला आल्यापासून घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा गावाच्या नावावर तीच कोटी करतो : 'मग, अजून काय उरलंय?' या महिन्यात तो प्रश्न मी स्वतःला गंभीरपणे विचारला, तोही एका खेळण्यापायी.

मुलीला 'रॉक बँड' हवा आहे. टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम. सोबत प्लास्टिकची गिटार, ड्रमच्या चार थाळ्या, पायाखालचं पेडल आणि माइक. पुण्याला आत्याकडे ती तो खेळून आली. इथे रायपुरात एकाकडे जुना संच नऊ हजारांना मिळतो आहे. घ्यावा का?

माझं पहिलं उत्तर तयारच होतं : ही खोटी विद्या. गिटारला तारा नाहीत, पाच रंगीत बटणं आहेत. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात. वेळेवर बटण दाबून पट्टी छेडली की मूळ कलावंताने वाजवलेला तुकडा ऐकू येतो, चुकलं की तो गप्प होतो. रियाज दुसऱ्याचा, टाळ्या आपल्याला. न कमावलेला आनंद मुलीच्या हाती विकत आणून द्यायचा?

मग माळ्यावरचा बाबांचा मृदंग आठवला. रोलिंग मिलची काळी धूळ त्याच्या खोळीवरही बसली आहे. दर गुरुवारी आमच्याकडे चार मराठी घरं भजनाला जमत आणि बाबा ठेका धरत. शिकलेले नव्हते. लय वाढली की हमखास घसरत. त्यांनी तरी तो आनंद कुठे कमावला होता? पण त्याला खोटा म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

म्हणजे कमाईचा मुद्दा टिकत नाही. फरक असलाच तर तो चुकीत आहे. बाबा घसरले की टाळकरी टाळ ठळक करत, बुवा तीच ओळ पुन्हा घेत आणि बाबा समेवर परत येत. त्यांची चूक कोणाच्या तरी कानावर जात होती. पडद्यामागचा कलावंत आपल्याला ऐकत नाही. आपण चुकलो तरी त्याचं गाणं तसंच पुढे जातं.

पण खेळावरही अन्याय नको. त्यातल्या ड्रमवर दोन हात आणि एक पाय वेगवेगळे चालवावे लागतात. अवघड पातळीवर ते खऱ्या ड्रमच्या बरंच जवळ जातं. माइकवर सूर खराच लावावा लागतो. शिवाय हार्मोनिक्सने २००५ मध्ये 'गिटार हीरो' केला आणि २००७ मध्ये हा 'रॉक बँड', तो मुळात अनेकांनी मिळून वाजवायला. त्यात एखादा बाद झाला तर दुसरा आपली साठवलेली शक्ती खर्च करून त्याला परत आणू शकतो. हे वाचलं तेव्हा मला आमचे टाळकरीच आठवले.

टिकाऊपणाचा हिशेब मात्र खेळाच्या विरुद्ध जातो. २०१५ च्या 'गिटार हीरो लाइव्ह'मधली इंटरनेटवरून चालणारी शेकडो गाणी १ डिसेंबर २०१८ ला सेवा बंद होताच गेली. लोकांच्या हातात गिटारी राहिल्या. मृदंगाची शाई उडाली तर ती नव्याने भरून मिळते.

एवढा ऊहापोह झाल्यावर खरी गोष्ट कबूल करायला हवी. मी तो संच मुलीसाठी घेत नव्हतो. पाळी संपवून मी रात्री आठला घरी येतो, आणि मला शांतता हवी असते. ती ड्रमवर बसली की मी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत पडणार होतो. नऊ हजारांत मला माझी संध्याकाळ सोडवून घ्यायची होती. तसा घेतला असता तर ती एकटीच वाजवत राहिली असती, आणि ती घसरल्यावर सावरायला शेजारी कोणी नसतं. खेळण्यात खोटं काही असेलच, तर ते हे.

म्हणून विकणाऱ्याला फोन करून विचारलं, गिटार चालू स्थितीत आहे ना? मुलीला फक्त ड्रम हवे आहेत. गिटार मी घेणार. पहिल्याच गाण्यात मी बाद होणार हे नक्की आहे. तिला ते आताच सांगून ठेवलं आहे.