नशेआधीची शुद्ध

शुक्रवारी रात्री हिंजवडीच्या आयटी पार्कमधून सुटलेले काही जण थेट पार्टीला बसतात. ‘दोनच पेग झालेत, घर जवळच आहे,’ म्हणत किल्ली खिशातून निघते.

शुद्धीत नसलेल्याचं पाप कुणाच्या माथी? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण आयटी अभियंते गेले. चालक १७ वर्षांचा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार दारू प्यायलेला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढे ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. तो खरा ठरला, तर नमुना बदलणारे हात मात्र पूर्ण शुद्धीत होते!

बौद्ध पंचशीलातलं पाचवं शील मद्य वर्ज्य करतं, ते बेसावधपणाचं मूळ म्हणून. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेवेळी बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे दोष धडकेच्या क्षणी नव्हे, पहिल्या घोटालाच सुरू होतो. खरं तर गाडी घेऊन पार्टीला निघतानाच.

कायदाही आपणहून चढवलेली नशा सबब मानत नाही. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. कुणाला साधं खरचटलं नसलं तरी.